चार नंबरच्या नळातलं लोणी

मास्तरांनी ग्लास तिसऱ्यांदा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि श्वास आत ओढला. भाजलेल्या पावाचा वास आला, थोडा मधाचा आला, पार मागे कुठेतरी वाळलेल्या गवताचाही आला. लोण्याचा मात्र आला नाही. त्यांनी डोळे उघडून नळावरचा आकडा पाहिला. नळ चार नंबरचाच होता. पिंपही तेच होतं. रविवारी दुपारी ह्याच पिंपातून त्यांनी चाळीसेक ग्लास भरले होते आणि प्रत्येकाला लोण्याचा वास होता. आज मंगळवार. दोन दिवसांत पिंप असं बदलत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेफबाईंनी एक ताटली बाहेर सरकवली. तिच्यात अर्धवट खाल्लेला मासा होता.

"कोपऱ्यातल्या टेबलावरून परत आलाय. कोरडा लागतो म्हणतात," त्या म्हणाल्या. "आता तरी लोणी घालू का?"

"जरा थांबा."

"मी थांबते हो. मासा नाही थांबत."

त्या माशात लोणी नसायचं, कारण मास्तरांनी तसं ठरवून दिलं होतं. ह्या पबात बारा नळ होते, बारा तऱ्हेच्या बिअर होत्या, आणि कोणत्या पदार्थाबरोबर कोणती बिअर घ्यायची हे सांगणं मास्तरांचं काम होतं. लग्न जुळवणारा माणूस दोन्हीकडच्या खोडी ओळखून असतो, तसे मास्तर बिअरच्या आणि पदार्थांच्या खोडी ओळखून असत. कडवट काळी बिअर चॉकलेटच्या केकबरोबर, गव्हाची लिंबू पिळलेल्या कोळंबीबरोबर, धुरकट वासाची मटणाबरोबर. प्रत्येक टेबलावर त्यांच्या वळणदार अक्षरातलं एक कार्ड असे. गिऱ्हाइकं ते मोठ्यानं वाचत, घोट घेत आणि एकमेकांकडे बघून माना डोलवत. मास्तर लांबून बघत राहत आणि, खोटं कशाला बोला, त्यांना ते फार आवडे.

सगळ्यांत गाजली ती चार नंबरची जोडी. 'तव्यावर भाजलेला मासा, बिनलोण्याचा,' असं कार्डावर होतं. 'लोणी ग्लासात आहे. एक घास, एक घोट. दोघांना तोंडातच भेटू द्या.' एका रविवार पुरवणीत त्याच्यावर अर्धं पान छापून आलं. मास्तरांनी ते कापून काउंटरच्या मागे लावलं होतं. बायकोनं लावलं, असं ते सांगत.

थंड खोलीचं दार ढकलून काका बाहेर आले. काका म्हणजे मास्तरांच्या बायकोचे चुलते. पब बायकोच्या माहेरचा, आणि त्यातली पिंपं, पाइप आणि थंड खोली हा काकांचा मुलूख. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते तीन महिने घरी बसून होते. कालच, सोमवारी, काठी टेकत पुन्हा कामाला लागले होते.

"आता कशी लागतेय?" त्यांनी हनुवटीनं ग्लासाकडे खूण केली. "काल बाराही पाइप धुतले, औषध घालून. चार नंबरातून काय निघालं माहितेय? दह्यासारख्या गुठळ्या निघाल्या, जावईबापू."

मास्तर ग्लास उजेडाकडे धरून बघू लागले.

"नुसतं पाणीच फिरवत होतात ना माझ्या मागे?" काका हसून म्हणाले, आणि काठी टेकत पुढे गेले. घरच्या जावयाला ते ह्याहून जास्त काही बोलत नसत. मास्तरांचं निम्मं आयुष्य ह्या एका सोयीवर चाललं होतं.

ऑपरेशनला जाण्याआधी काकांनी त्यांना थंड खोलीत नेऊन सगळं नीट समजावून दिलं होतं. दर दुसऱ्या सोमवारी नळ बंद करायचे, औषध किती, पाणी किती, पाइपात किती वेळ भरून ठेवायचं, मग कितीदा धुऊन काढायचं. मास्तरांनी ते एकदा अगदी मनापासून केलं. त्या औषधाचा वास दोन दिवस त्यांच्या नाकात बसला, आणि नाक हे तर त्यांचं हत्यार. पुढच्या वेळी त्यांनी नुसतं पाणी सोडलं. पाणी पलीकडून स्वच्छ आलं. स्वच्छ दिसतंय म्हटल्यावर आणखी काय करायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि स्वतःचं ऐकलं. चार नंबरचा पाइप सगळ्यांत लांब, स्वयंपाकघराच्या गरम भिंतीला लागून गेलेला. घाण धरली ती आधी तिथेच, आणि घाण धरलेल्या पाइपातून जाणाऱ्या बिअरला लोण्याचा वास येतो. हे मास्तरांनी कधीकाळी वाचलं होतं. वाचलेलं ते गिऱ्हाइकांना सांगण्यासाठी जपून ठेवत, स्वतःसाठी नाही.

म्हणजे पाइपातल्या घाणीवर त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या दोन ओळींवर अर्धं पान छापून आलं होतं. मास्तरांची कानशिलं तापली. शेफबाई अजून खिडकीत उभ्या होत्या. लोणी घाला, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. शेफबाईंनी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

इथवरची लाज तशी हसण्यावारी नेण्यासारखी होती. काकांना टाळी देऊन, स्वतःवरच एक विनोद करून मास्तर तिच्यातून सुटले असते. पण हातातला ग्लास धुवायला ठेवता ठेवता त्यांना ब्रुअरीवालीची आठवण झाली.

चार नंबरची बिअर एका छोट्या ब्रुअरीतून येई. बाप आणि मुलगी, दोघांचाच कारभार. बाप चाळीस वर्षं बिअर बनवत होता. मुलगी पिंपं पोचवणं, हिशेब, फोन असलं वरचं सगळं बघे. पुरवणीतलं अर्धं पान वाचून तिचा मास्तरांना फोन आला होता. बिअरमध्ये लोणी खरंच लागतं का, असं तिनं विचारलं. मास्तरांना वाटलं ती आभार मानायला फोन करतेय, म्हणून त्यांनी तिला पंधरा मिनिटं सविस्तर सांगितलं: पहिल्या घोटात कमी, दुसऱ्यात जास्त, आणि ग्लास जरा कोमट झाला की अगदी ताजं लोणी. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, आमच्या धंद्यात हा दोष असतो. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत घाई करून बिअर काढली की असं होतं. तुमचे पाइप स्वच्छ असतात ना?

"दर दुसऱ्या सोमवारी," मास्तर म्हणाले होते. "तीस वर्षांत एक सोमवार चुकलेला नाही."

हे वाक्य काकांचं होतं. काका ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, म्हणून ते मास्तरांच्या तोंडात तयार होतं. बोलताना आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं नव्हतं. पण आता आठवून पाहताना त्यांच्या लक्षात आलं की बोलून झाल्याबरोबर आपण घाईघाईनं विषय बदलला होता.

तीन आठवड्यांनी तिचा पुन्हा फोन आला. बाबांना थांबवलंय, म्हणाली. त्यांना लोणी कळतच नाही, नाहीच म्हणून हटून बसले होते. वयानं जीभ जाते माणसाची, काय करणार. आता मीच बनवते. नवी बिअर तयार होत आलीय, येत्या गुरुवारी पिंप घेऊन दुपारी जेवायलाच येते, बाबांनाही आणते. तुम्ही चाखून सांगा दोष गेला का, तुमच्या जिभेवर माझा भरवसा आहे. तेव्हा मास्तरांनी वडिलांबद्दल हळहळ व्यक्त केली होती. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या मनात आलं होतं की चाळीस वर्षं बिअर बनवणाऱ्याला जे कळलं नाही ते आपल्याला कळलं. त्या दुपारी ते शीळ घालत होते. हे कुणाला माहीत नव्हतं, पण त्यांना स्वतःला माहीत होतं, आणि आता मंगळवारी भर दुपारी काउंटरमागे उभं असताना जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं त्यांना झालं.

बुधवारी सकाळी चहा पिताना त्यांनी बायकोला सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं, आणि 'पाइप' हा शब्द शक्यतो टाळून.

"मग सांगून टाक त्यांना," बायको म्हणाली.

ते इतकं सोपं नाही, असं मास्तर म्हणाले. पबचं नाव जाईल, तुझ्या काकांना वाईट वाटेल, पुरवणीवाले काय म्हणतील. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की ह्यातलं कुठलं कारण खरं आहे. मास्तरांनी चहा तसाच ठेवला आणि आंघोळीला गेले.

खरं तर गप्प बसणं फारच सोपं होतं. पाइप आता स्वच्छ होते. गुरुवारी नव्या पिंपातून स्वच्छ बिअर येईल, आपण घोट घेऊ, म्हणू की दोष गेला. ती खूश होईल. सगळं कसं जिथल्या तिथे बसेल. फक्त एका म्हाताऱ्या माणसावर कायमचा शिक्का बसेल की ह्याची जीभ गेली, आणि तोही तसा सौम्यपणे, कुणी ओरडणार नाही की भांडणार नाही. मास्तरांनी ह्या गोष्टीचा दोन दिवस सगळ्या बाजूंनी विचार केला. त्यातल्या त्यांना सोयीच्या बाजू जास्त होत्या.

गुरुवारी दोघं वेळेवर आले. मुलगी चाळिशीची, उंच, बाह्या दुमडलेली. पिंप गाडीतून उतरवताना तिनं कुणाला हात लावू दिला नाही. वडील मागून आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हात मात्र आयुष्यभर गरम पाण्यात घातल्यासारखे भेगाळलेले. काकांनी नवं पिंप चार नंबरला जोडलं. जुनं अजून पाव भरलेलं होतं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. खिडकीजवळचं टेबल मास्तरांनी स्वतः पुसलं होतं.

आधी सूप आलं. वडिलांनी एक चमचा घेतला आणि मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मीठ बरोबर आहे का गं?"

"बरोबर आहे, बाबा," मुलगी मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करत म्हणाली. त्यांना ऐकू चांगलं येत होतं. पण जीभ गेली म्हटल्यावर कानही गेले असं तिनं धरून चालायला सुरुवात केली असावी, आणि वडिलांनीही ते मान्य केलेलं दिसत होतं. मास्तर पाव ठेवायला वाकले होते. त्यांनी पाव ठेवला, आणि तो सरळच होता तरी पुन्हा सरळ केला.

मग मासा आला, लोण्यात परतलेला, आणि तीन ग्लास. मुलीनं स्वतःच्या ग्लासाला हात लावला नाही. ती मास्तरांकडे बघत राहिली. वडील मुलीकडे बघत राहिले. मास्तरांनी ग्लास उचलला, नाकाशी नेला, घोट घेऊन तोंडात फिरवला. बिअर चांगली होती. बापाच्या बिअरइतकी नव्हती. बापाच्या बिअरमध्ये मागे जे वाळलेलं गवत होतं ते हिच्यात नव्हतं. पण चांगली होती.

"गेलं ना लोणी?" तिनं विचारलं.

इथे सांगायचं, असं मास्तरांनी सकाळपासून ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं.

"गेलं," ते म्हणाले. "स्वच्छ आहे."

मुलीनं डोळे मिटून सुस्कारा सोडला. वडिलांनी तिच्या हातावर हलकेच थोपटलं आणि मग स्वतःचा घोट घेतला. झाली चांगली, ते म्हणाले. मग क्षणभर थांबून, जसं काही आपण फार बोललो, तसं त्यांनी पुढे जोडलं, "म्हणजे, हे म्हणताहेत तर असेलच."

मास्तर काहीतरी पुटपुटून स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांना काही काम नव्हतं. शेफबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि एक स्टूल पायानं त्यांच्याकडे सरकवलं. मास्तर बसले नाहीत. लहानपणी वर्गात आपल्या खोडीसाठी दुसऱ्याच मुलाला मार बसत असताना हात मांडीखाली दाबून बसायची त्यांची एक सवय होती. आता उभ्यानंच त्यांचे हात ॲप्रनच्या आत जाऊन बसले होते. असेलच, असं तो माणूस म्हणाला होता. चाळीस वर्षांच्या जिभेनं चाखून वर मास्तरांची परवानगी घेतली होती. मास्तरांना स्वतःची इतकी शिसारी आली की ती तोंडात कडू लागली, आणि त्या कडूपणाबरोबर कुठली बिअर जाईल हे कुणी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी ॲप्रन उतरवून हे काम सोडलं असतं.

ते बाहेर आले, टेबलापाशी गेले आणि मुलीला म्हणाले, जरा पिंप बघायला आत येता का. जोडणी नीट झाली आहे की नाही, तुम्हीच एकदा बघा.

थंड खोलीत काका खोक्यावर बसून गुडघा चोळत होते. मास्तरांचा चेहरा पाहून ते उठले. जरा उन्हात बसतो, गारठ्यानं गुडघा धरतो, असं म्हणत काठी घेऊन बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं.

मास्तरांनी जुन्या पिंपाचा छोटा नळ सोडून ग्लास भरला आणि तिच्या हातात दिला.

"ही तुमच्या वडिलांची. जिच्यात लोणी होतं ती."

तिनं चाखली. पुन्हा चाखली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"ह्यात तर नाहीये."

"नव्हतंच," मास्तर म्हणाले. "लोणी पाइपात होतं. तीन महिन्यांत पाइप एकदाच धुतले, मग नुसतं पाणी सोडलं. मी. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा दर दुसऱ्या सोमवारी म्हणालो, ते खोटं होतं. आणि मघाशी टेबलावरही गप्प बसलो."

इतकं एका दमात बोलून ते थांबले. ती आता ओरडेल, ग्लास आपटेल, निदान तोंडावर चार शब्द सुनावेल, अशी त्यांची अपेक्षा होती, आणि त्यासाठी त्यांनी मान खाली घालून ठेवली होती. कंप्रेसर घरघरत होता. तसं काहीच झालं नाही म्हणून त्यांनी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दोन दिवस रोज सकाळी दाढी करताना आरशात जे पाहत होते तेच त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मला आमच्या टाकीतल्या बिअरमध्ये कधीच लोणी लागलं नव्हतं," ती म्हणाली. "तुमचं ते छापून आलेलं वाचलं, तुमच्याशी बोलले, आणि मग लागायला लागलं. रोज लागायला लागलं."

तिनं ग्लास हातात फिरवला.

"मी घरी त्यांच्यासमोर आमच्याच बिअरचे तीन ग्लास ठेवले होते. स्वयंपाकघरात, परीक्षेला बसवल्यासारखं. म्हटलं, कशात लोणी आहे सांगा. त्यांनी तिन्ही चाखले, पाणी पिऊन पुन्हा चाखले. म्हणाले, कशातच नाही. मी म्हटलं, तिन्हीत आहे, बाबा."

"मग?"

"मग काही नाही. उठले, तिन्ही ग्लास धुतले आणि पालथे घालून ठेवले. त्यानंतर टाकीकडे फिरकले नाहीत. भाजीत मीठसुद्धा मला विचारून घालतात."

तिनं ग्लास पिंपावर ठेवला. मग, मास्तरांकडे न बघता, तिनं विचारलं की तुम्ही बाबांना सांगाल का. मला नाही जमणार. मी इथेच थांबते, म्हणाली. मास्तरांना नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी दुसरा एक ग्लास जुन्या पिंपातून भरून घेतला आणि बाहेर आले.

वडील खिडकीतून रस्त्याकडे बघत बसले होते. मासा त्यांनी निम्माच खाल्ला होता. उरलेला मुलीसाठी नीट एका बाजूला सारून ठेवला होता. मास्तर समोरच्या खुर्चीत बसले, ग्लास त्यांच्यापुढे ठेवला, आणि सांगितलं. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं, पण तसं झालं नाही. मध्ये दोनदा त्यांना पाणी प्यावं लागलं. मुलीला आत आधीच सांगून झालंय, एवढं मात्र त्यात राहून गेलं. वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"औषध का नाही घातलं?" त्यांनी विचारलं.

"वास नाकात बसतो म्हणून."

"बसतो खरा," वडील म्हणाले. "माझ्या चाळीस वर्षं बसलाय."

वडिलांनी ग्लासाच्या काठावरून बोट फिरवलं.

"म्हणजे तीन ग्लास ठेवले होते तिनं एकदा, त्यात..."

"कशातच नव्हतं. तुमचं बरोबर होतं."

वडिलांनी ग्लास जवळ ओढला. सवयीनं त्यांची नजर समोरच्या खुर्चीकडे गेली, पण तिथे मुलगी नव्हती, मास्तर होते. मग त्यांनी ग्लास उचलला, वास घेतला आणि एक छोटा घोट जिभेवर धरून ठेवला. त्यांचे खांदे जरा सैल झाले. दुसरा घोट त्यांनी मोठा घेतला. तिसऱ्या घोटाला त्यांचे डोळे ओले झाले आणि त्यांनी ते शर्टाच्या बाहीनं पुसले, अगदी उघडपणे. मास्तरांना वाटलं आता आपण उठून जावं, पण जाऊ का असं विचारायचाही धीर त्यांना होत नव्हता.

"एक करा," वडील हळू आवाजात म्हणाले. "तिला ह्यातलं काही कळू देऊ नका. त्या तीन ग्लासांचं मनाला लावून घेईल. लहानपणापासून तशीच आहे."

मास्तरांनी तोंड उघडलं. पण थंड खोलीचं दार तेवढ्यात वाजलं आणि मुलगी बाहेर आली. तिनं तोंडावर पाणी मारलेलं दिसत होतं. केस कपाळाला चिकटले होते. ती टेबलापर्यंत आली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.  मास्तर उठून बाजूला झाले.

"बस ना," वडील म्हणाले. "ही बघ, जुन्या पिंपातली चाखत होतो." त्यांनी ग्लास बोटानं थोडा पुढे सरकवला. "आहे गं लोणी ह्यात. आता कळलं मला. तुझंच बरोबर होतं."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग बसली. मास्तर भराभर ताटल्या गोळा करू लागले. ते त्यांचं काम नव्हतं, आणि दोन ताटल्यांत तर अजून जेवण होतं. मुलीनं वडिलांपुढचा ग्लास ओढून घेतला, दोन्ही हातांत धरला आणि सावकाश एक घोट घेतला.

"कुठे आहे, बाबा?" ती म्हणाली. दुपारपासून पहिल्यांदाच ती त्यांच्याशी हळू बोलली. "मला नाही लागत."